छोटा जीपीएस लॉगर कोणता घ्यावा? किंवा, घाटरस्ता रोज सकाळी आखूड कसा व्हायचा

"ताई, चालताना खिशात आणि सायकलवर हँडलला लावता येईल असा एखादा छोटा जीपीएस सुचव ना. पुढच्या महिन्यात फिल्डवर्क सुरू होतंय."

हा मेसेज मला दर वर्षी एप्रिल-मेमध्ये कुणा ना कुणाकडून येतो. विचारणाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं असतं, अमुक कंपनीचं अमुक मॉडेल घे, झालं. मी तसं उत्तर देत नाही म्हणून मंडळी थोडी नाराज होतात. मी उलट विचारते, "ट्रॅकवरून तू नक्की कोणता आकडा काढणार आहेस?" बहुतेकांनी तो विचारच केलेला नसतो. मीही केला नव्हता, आणि त्यापायी माझे दोन पावसाळे गेले. पूर्ण फुकट गेले असं नाही म्हणणार, पण दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रेस रिपोर्टमध्ये मी जो 'निष्कर्ष' मोठ्या उत्साहाने मांडला होता, त्यातला बराचसा भाग जीपीएसच्या एका सेटिंगमधून आलेला होता. आजची पोस्ट त्यावरच आहे.

माझं काम आंबोलीच्या बाजूला, रस्त्यावर गाड्यांखाली मरणाऱ्या बेडकांवर आणि सापांवर. कामाचे दोन भाग. पहिला सायकलवरून: घाटरस्त्याचा 10 किलोमीटरचा पट्टा ठरवून घेतलेला, तो हळूहळू पार करायचा, मेलेला प्राणी दिसला की थांबायचं, फोटो, नोंद, पुढे. दुसरा भाग पायी: रस्त्यालगतच्या जंगलात रात्री टॉर्च घेऊन जिवंत बेडूक शोधायचे. दोन्हीकडे शेवटी एकच आकडा लागतो, दर किलोमीटरला किती. वरची संख्या आपण डोळ्यांनी मोजतो आणि खालचे किलोमीटर जीपीएस देतो. वरच्या संख्येची आपण फार काळजी घेतो, दोघं-दोघं मोजतो, फोटो काढतो. खालची संख्या मात्र यंत्राने दिली म्हणून जशीच्या तशी घेतो.

पहिल्या वर्षी लॅबच्या कपाटात एक जुना लॉगर सापडला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, स्क्रीन नाही, एक बटण, दोन दिवे. बॅटरी चांगली चालायची, म्हणून मी खूश. त्यात आधीच्या कुणीतरी दर 60 सेकंदांना एक पॉइंट असं सेटिंग ठेवलं होतं. मी ते बघितलंच नाही. संध्याकाळी पायथ्यापासून घाट चढायचा, वर मुक्काम, पहाटे तोच पट्टा उतरत मोजायचा, असा क्रम होता. सीझन संपला तेव्हा सकाळच्या फेरीत दर किलोमीटरला जास्त मेलेले प्राणी दिसत होते. रात्री पाऊस पडतो, बेडूक रस्त्यावर येतात, रात्रीच्या वाहतुकीत मरतात, सकाळी दिसतात. किती छान जुळतंय! गाईड मॅडमही म्हणाल्या, अपेक्षितच आहे.

मग डेटा भरायला मदत करणाऱ्या एका एमएस्सीच्या मुलीने सहज विचारलं, "ताई, हा रस्ता रोज सकाळी लहान होतो का?"

मी तिच्या एक्सेलमध्ये डोकावले. चढताना ट्रॅकची लांबी साधारण 9.4 किलोमीटर. उतरताना 8.3. रस्ता तोच, किलोमीटरचे दगड तेच.

गणित अगदी शाळेतलं आहे. चढताना सायकलचा वेग धरा ताशी 8 किलोमीटर, म्हणजे मिनिटाला 133 मीटर. उतरताना धरा ताशी 20, म्हणजे मिनिटाला 333 मीटर. मिनिटाला एकच पॉइंट घेतला तर चढताना अख्ख्या घाटाला 75 टिंबं पडतात आणि उतरताना फक्त 30. लॉगर ही टिंबं सरळ रेषेने जोडतो. मधलं हेअरपिन वळण, वळणानंतरचं दुसरं वळण, हे सगळं त्या सरळ रेषेने कापलं जातं. टिंबं जितकी विरळ, तितका रस्ता आखूड.

आता समजा सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा बरोबर 20 प्राणी मेलेले दिसले. 20 भागिले 9.4 म्हणजे 2.13. 20 भागिले 8.3 म्हणजे 2.41. प्रत्यक्षात काहीही फरक नसताना सकाळी 13 टक्के जास्त मृत्यू! आणि चूक नेमकी आपल्या अपेक्षेच्या दिशेने असल्यामुळे कुणालाच खटकली नाही. उलट निघाली असती तर पहिल्याच आठवड्यात यंत्र उघडून बघितलं असतं.

रस्त्याचा डेटा वाचला, कारण पट्टा ठरलेला होता. दगडांवरून लांबी घेतली आणि सगळी गणितं पुन्हा केली. सकाळ-संध्याकाळचा फरक राहिला, पण पूर्वीपेक्षा बराच बारीक. जंगलातल्या चालण्याचं तसं नव्हतं. तिथे ना दगड, ना ठरलेली वाट. त्या वर्षीच्या रात्रीच्या फेऱ्यांची अंतरं मी थीसिसमध्ये वापरलेलीच नाहीत.

दुसऱ्या वर्षी उलटी चूक

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, त्याप्रमाणे दुसऱ्या वर्षी मी नवा लॉगर घेतला आणि इंटरव्हल ठेवला 1 सेकंद. आता एकही वळण सुटणार नाही! रस्त्यावर झकास चाललं. जंगलात मात्र दोरीने मोजून ठेवलेला 500 मीटरचा ट्रान्सेक्ट लॉगरला 700 मीटरच्या वर दिसायला लागला.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण लॉगरच्या खोक्यावर हे कधीच लिहिलेलं नसतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळेचा सिग्नल पाठवत असतात. तो पोचायला किती वेळ लागला, त्यावरून रिसीव्हर अंतर काढतो आणि निदान चार उपग्रहांची अंतरं जुळवून आपली जागा ठरवतो. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे 300 मीटरची चूक, इतका हा नाजूक मामला आहे. त्यामुळे प्रत्येक रीडिंग खऱ्या जागेपासून थोडं इकडे-तिकडे पडतं. मोकळ्या मैदानात काही मीटर. दाट झाडीत, ओल्या पानांखाली, दरीच्या भिंतीलगत त्याहून जास्त, कारण सिग्नल क्षीण होतो आणि खडकावर आपटून वळसा घेऊन येतो.

आता तुम्ही रात्री बेडूक शोधताय. दहा पावलं टाकली, थांबलात, पान उलटून बघितलं, फोटो काढला, तापमान घेतलं. एका जागी 20 मिनिटं गेली. तुम्ही हललेला नाहीत, पण लॉगरचं टिंब हलतंय. समजा दर सेकंदाला ते सरासरी फक्त 30 सेंटीमीटर सरकलं. 20 मिनिटं म्हणजे 1200 सेकंद, म्हणजे 360 मीटर. उभ्या उभ्या! नकाशावर त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता दिसतो.

आणि हे फक्त थांबल्यावर होतं असं नाही. सरळ रेषेत चालतानाही टिंबं डावी-उजवीकडे पडतात, त्यांना जोडणारी रेष नागमोडी होते आणि नागमोडी रेष सरळ रेषेपेक्षा लांबच असणार. पीटर रानाखर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये यावर एक पेपरच लिहिला आहे: यादृच्छिक चुकांमुळे जीपीएसने मोजलेलं अंतर सरासरीने खऱ्यापेक्षा मोठं येतं. मला तो दोन वर्षं आधी वाचायला हवा होता, असो.

म्हणजे दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. टिंबं विरळ ठेवली की वळणं कापली जाऊन अंतर घटतं. टिंबं दाट ठेवली की थरथर साठत जाऊन अंतर वाढतं. वेग जास्त असेल, म्हणजे सायकलवर, तर पहिली चूक मोठी. वेग कमी असेल, म्हणजे पायी, तर दुसरी. दोन्ही कामांना एकच सेटिंग चालणार नाही. यावरून लॉगर निवडण्याचा माझा पहिला आणि खरं तर एकमेव हट्ट ठरतो: इंटरव्हल मला ठरवता आला पाहिजे, आणि यंत्राने जे मोजलं ते जसंच्या तसं माझ्या हातात आलं पाहिजे. दाट डेटा नंतर कॉम्प्युटरवर विरळ करता येतो. विरळ डेटात नसलेले पॉइंट कुणालाही घालता येत नाहीत. म्हणून मी आता सगळीकडे 1 सेकंदाने नोंदवते, जंगलात थांबले की वेपॉइंटचं बटण दाबते, निघताना पुन्हा दाबते. घरी आल्यावर ते थांबे कापून टाकते आणि उरलेला ट्रॅक 5 किंवा 10 सेकंदांवर आणून अंतर काढते. कोणता आकडा खऱ्याच्या जवळ येतो ते दोरीच्या ट्रान्सेक्टवर तपासून ठरवलं आहे.

'शहाण्या' यंत्रांपासून जरा जपून. सायकल कॉम्प्युटर आणि फिटनेसच्या घड्याळांत ऑटो-पॉज असतो: वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की नोंद थांबते. सिग्नलला थांबणाऱ्या सायकलस्वारासाठी उत्तम. पण बेडूक शोधणारा माणूस ताशी अर्धा-एक किलोमीटरने सरकतो, त्याला ते यंत्र थांबलेलाच समजतं. काही जुन्या चिपमध्ये ही सोय आतच बसवलेली असते, हळू चाललात की टिंब एका जागी गोठतं आणि मग एकदम उडी मारतं. 'स्मार्ट रेकॉर्डिंग' असंच. वळणावर जास्त पॉइंट, सरळ रस्त्यावर कमी, कधी घ्यायचा ते यंत्र ठरवणार. हे बंद करता येतं का ते घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअल कंपनीच्या साईटवर फुकट मिळतं, दुकानदाराला विचारून उपयोग नाही.

मग खोक्यावरचा 'अचूकता 2.5 मीटर' कशाला?

त्या आकड्यापुढे बहुधा बारीक अक्षरात सीईपी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, मोकळ्या आकाशाखाली निम्मी रीडिंग तेवढ्या वर्तुळात पडतात. निम्मीच! उरलेली निम्मी बाहेर. 95 टक्के रीडिंग सामावणारं वर्तुळ हवं असेल तर साधारण दुप्पट धरायचं, म्हणजे 2.5 चे झाले 5 मीटरच्या थोडे वर. अमेरिकी सरकारच्या जीपीएसच्या साईटवर साध्या स्मार्टफोनसाठी मोकळ्या आकाशाखाली 4.9 मीटर असा आकडा दिलेला आहे. म्हणजे अचूकतेवरून लॉगर आणि फोन यात निवड करायची तर फारसं काही हाती लागत नाही. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून स्वस्तातलं यंत्रही मैदानात ठीक काम करतं.

फरक पडतो तो दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणाऱ्या रिसीव्हरने. जुना सिग्नल 1575.42 मेगाहर्ट्झवर, नवा एल-5 1176.45 वर. एल-5 चा कोड दहापट वेगाने धावतो, त्यामुळे थेट आलेला सिग्नल आणि कड्यावर आपटून उशिरा आलेला सिग्नल यांत फरक करणं रिसीव्हरला सोपं जातं. घाटात काम असेल तर हे उपयोगाचं आहे. आपला नाविकही एल-5 वापरतो. गंमत म्हणजे 2018 पासून फोनमध्ये ही सोय यायला लागली, तर अनेक छोट्या लॉगरमध्ये ती अजून नाही.

"मग फोनच वापरू की!" असं तुम्ही म्हणणार. वापरा, पण दुसरी प्रत म्हणून. जीपीएस-लॉगर नावाचं एक साधं अँड्रॉइड ॲप आहे, ओस्मँड आहे, दोन्ही इंटरव्हल ठरवू देतात आणि जीपीएक्स फाईल काढून देतात. अडचण फोनच्या स्वभावात आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप गुपचूप मारतो, आणि तुम्हाला ते तीन तासांनी कळतं. शिवाय फोटो, टॉर्च, घरी 'पोचले' म्हणून कळवणं, सगळं त्याच बॅटरीवर. पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही ते वेगळंच.

बॅटरी, जागा, पाऊस

इथे मला मत आहे आणि ते ठाम आहे: फिल्डवर्क गावापासून लांब असेल तर पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र घ्या. पेन्सिल सेल कोणत्याही गावातल्या किराणा दुकानात मिळतो. आतल्या बॅटरीचा लॉगर हलका असतो हे खरं. आय-गॉट-यू जीटी-120 हा सुमारे 20 ग्रॅमचा लॉगर इतका हलका होता की संशोधकांनी तो समुद्रपक्ष्यांच्या अंगावर बसवून काम केलं. पण बॅटरी बसली की चार्जिंग लागणार, आणि पॉवरबँकवर भिस्त ठेवाल तर एक खोच आहे: बऱ्याच पॉवरबँका अगदी कमी करंट खेचला जातोय असं दिसलं की आपोआप बंद होतात. छोटा लॉगर खेचतोच किती? रात्रभर लावून ठेवा, सकाळी तसाच रिकामा.

दुसरं, असे बिनस्क्रीनचे लॉगर आपला डेटा कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय देत नाहीत. कंपनीने ते सॉफ्टवेअर बंद केलं की तुम्ही लटकलात. जीपीएस-बेबल हा मुक्त प्रोग्रॅम बऱ्याच जुन्या यंत्रांतून डेटा काढू शकतो. मॉडेल त्याच्या यादीत आहे का ते विकत घेण्याआधी बघा. सगळ्यात बरं म्हणजे केबल जोडली की पेनड्राइव्हसारखं उघडणारं आणि आत जीपीएक्स फाईल तयार असलेलं यंत्र.

जागेचं गणितही करून ठेवा. गार्मिनचा ईट्रेक्स 10 घ्या, पेन्सिल सेलवर चालणारा, बऱ्याच विभागांत दिसतो. त्याचा चालू ट्रॅक 10,000 पॉइंटचा. दर सेकंदाला एक म्हटलं तर 2 तास 46 मिनिटांत भरला. दर 5 सेकंदांना म्हटलं तर जवळपास 14 तास. भरल्यावर काय होतं, हे सेटिंगवर असतं: काही यंत्रं जुना भाग वेगळ्या फाईलमध्ये ठेवतात, काही सगळ्यात जुने पॉइंट पुसून त्यावर नवे लिहितात, म्हणजे तुमची सकाळ गेली. जुन्या हँडहेल्डमध्ये आणखी एक सापळा आहे. 'सेव्ह ट्रॅक' केलं की यंत्र पॉइंट कमी करतं आणि वेळेचा रकानाच काढून टाकतं. जागा राहते, वेळ जाते. तिथे सेव्ह न करता चालू ट्रॅकच उतरवून घ्यायचा.

पावसासाठी आयपीएक्स-7 हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ते यूएसबीचं रबरी झाकण नीट लावलेलं असेल तरच. मी तरीही झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवते. ठेवायची जागा म्हणजे सॅकच्या वरच्या कप्प्यात किंवा खांद्याच्या पट्ट्यावर. पँटच्या खिशात नको, आपलं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, ते अर्धं आकाश झाकतं. सायकलच्या हँडलवर खड्ड्यात आदळून सेल क्षणभर सुटतो आणि यंत्र बंद पडतं. सेलच्या बाजूला कागदाची घडी घातली की सुटत नाही. हा उपाय मला एका एसटी ड्रायव्हरने सांगितला, त्याच्या टॉर्चवरून.

वेळ बघा, तारीख तर बघाच

जीपीएक्स फाईलमधली वेळ भारतीय नसते, यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे 5:10 ला निघालात तर फाईलमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे 11:40 दिसतील. तारीख बघून फोल्डर केलेत तर एका फेरीचा डेटा दोन दिवसांत वाटला जातो. फोटो जागेशी जोडायचे असतील तर कॅमेऱ्याचं घड्याळही बघायला हवं. ताशी 15 च्या वेगाने एका मिनिटाचा फरक म्हणजे 250 मीटर, म्हणजे ओढ्याजवळ मेलेला साप नकाशावर चहाच्या टपरीजवळ. सोपा उपाय आहे: निघताना जीपीएसच्या स्क्रीनवरच्या घड्याळाचा त्याच कॅमेऱ्याने एक फोटो काढायचा. फरक किती ते कायमचं नोंदलं जातं. बिनस्क्रीनचा लॉगर असेल तर हे करता येत नाही, म्हणूनही मला स्क्रीन हवी असते.

कपाटातला तो जुना लॉगर आठवतो ना? त्याने 20 जुलै 2022 च्या फेरीवर 4 डिसेंबर 2002 अशी तारीख टाकली होती. मला वाटलं यंत्र वेडं झालं. तसं नव्हतं. जीपीएसचा मूळ सिग्नल आठवडे मोजतो आणि 1024 आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येतो. 2019 च्या 6 एप्रिलला असा फेरा पूर्ण झाला. जुन्या यंत्राला नवा फेरा सुरू झालाय हे कळायची सोय नसेल, तर ते 1024 आठवडे मागची तारीख सांगतं. 1024 आठवडे म्हणजे 7168 दिवस, पूर्ण आठवडे असल्यामुळे वार मात्र बरोबर येतो. दोन्ही दिवस बुधवारच. जागा अचूक असते, फक्त तारीख पुढे ढकलावी लागते. वापरलेला, स्वस्तात मिळालेला लॉगर घेणार असाल तर सगळ्यात आधी तो सुरू करून तारीख बघा.

उंचीबद्दल थोडंच सांगते, कारण माझ्या कामात ती नकाशावरून घेतलेली पुरते. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा कमी भरवशाची असते. त्यात काही यंत्रं समुद्रसपाटीपासूनची उंची देतात, काही पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. बेंगळुरूच्या आसपास या दोन्हीत 80 मीटरहून जास्त फरक आहे. कुठली ते मॅन्युअलमध्ये शोधा.

एक सावधगिरीची सूचना. बाहेरून मागवताना किंवा कुणी नातेवाईक आणताना 'उपग्रहावरून मेसेज पाठवता येतो' असं यंत्र नको. नुसता सिग्नल ऐकणारा जीपीएस आणि उपग्रहाशी बोलणारं यंत्र, यात कायद्याने फार फरक आहे. दुसऱ्याला भारतात परवानगी लागते. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र जवळ असल्यामुळे परदेशी प्रवासी अडचणीत आले होते. आणि आपले ट्रॅक सायकलवाल्यांच्या सार्वजनिक ॲपवर चढवू नका. दुर्मीळ बेडकाची जागा शोधायला चोराला मग आपणच नकाशा दिला असं होईल.

विकत घेण्याआधी, किंवा उसना मिळाला तर घेण्याआधी, एक चाचणी करा. विद्यापीठाच्या किंवा गावातल्या 400 मीटरच्या धावपट्टीवर जा. यंत्र सुरू करून मोकळ्यावर पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवा, विशेषतः ते लांबच्या गावाहून आलेलं असेल तर. प्रत्येक उपग्रहाचा मार्ग कळायला रिसीव्हरला 30 सेकंद अखंड सिग्नल लागतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं. मग पहिल्या लेनमध्ये आतल्या कडेने दहा फेऱ्या चाला. 4000 मीटर झाले पाहिजेत. पाचव्या फेरीनंतर एका जागी दहा मिनिटं उभे राहा, मुद्दाम. घरी येऊन फाईल उघडा: पॉइंट किती, दोन पॉइंटमध्ये किती सेकंद, मध्ये खंड कुठे, उभं असताना किती मीटर 'चाललात', वेळ कोणती, तारीख कोणती. नंतर तीच फाईल 5, 10, 30 आणि 60 सेकंदांवर विरळ करून प्रत्येक वेळी लांबी काढा. पाच आकडे वहीत लिहून ठेवा. थीसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात तुम्हाला जो परिच्छेद लिहायचाय तो या पाच आकड्यांतून आपोआप तयार होतो, आणि व्हायव्हात कुणी "अंतर कसं मोजलं?" विचारलं तर दाखवायला कागद असतो.

एप्रिलमध्ये मेसेज करणाऱ्या त्या ज्युनिअरने शेवटी विभागातलाच पेन्सिल सेलवाला जुना हँडहेल्ड उसना घेतला. नवीन काही घेतलंच नाही. काल त्याने धावपट्टीचे आकडे पाठवलेत. 60 सेकंदांवर त्याचे चार किलोमीटर साडेतीनच्याही खाली गेलेत आणि तो विचारतोय, "ताई, मैदान लहान आहे का?"